गरोदरपणात पाय मुरगळला, एक्स-रे काढू का?

डॉक्टरांना हाड मोडल्याची शंका असेल तर काढाच. घोट्याच्या किंवा मनगटाच्या एक्स-रेत किरणांचा झोत पोटापासून दूर असतो, गर्भापर्यंत किरणांची ०.००१ मिलिग्रेहूनही (मिलिग्रे हे या मात्रेचे एकक) कमी मात्रा पोहोचते. एरवीही निसर्गातून गरोदरपणाच्या काळात गर्भाला ०.५ ते १ मिलिग्रे मिळतच असतात, आणि ५० मिलिग्रेच्या आत व्यंगाचा धोका वाढल्याचे आढळलेले नाही. भीतीपोटी मोडलेले हाड तसेच अंगावर काढणाऱ्या बायकांची म्हणूनच जास्त काळजी वाटते.

ओटीपोटाच्या सीटी स्कॅनची गोष्ट वेगळी. त्यात १० ते ५० मिलिग्रे जाऊ शकतात. सोनोग्राफी किंवा एमआरआयवर भागेल का, हे जरूर विचारा. मोठ्या अपघातात, आतल्या रक्तस्रावाची शंका असताना मात्र सीटीला नकार देऊ नका. तिथला उशीर दोघांच्याही जिवावर बेततो. नुसती पाळी चुकली असली, तरी तंत्रज्ञाला आधी सांगा.