वार्ताहर पालगुम्मी साईनाथ

संस्कृतातील 'वार्ता' या शब्दाचा एक प्राचीन अर्थ आज बहुतेक विस्मृतीत गेला आहे. कौटिल्याने आपल्या अर्थशास्त्रात कृषी, पशुपालन आणि वाणिज्य या तिहींस मिळून वार्ता ही संज्ञा दिली आहे. पुढे हा शब्द बातमीच्या अर्थी रूढ झाला आणि ती आणणारा तो वार्ताहर ठरला. हल्लीच्या वार्ताहरांस शेतीचा इतका विसर पडला आहे की, या दोन अर्थांचा एकाच शब्दात कधी काळी वास होता, हे सांगूनही कोणास खरे वाटू नये. ज्या एका गृहस्थाने ते दोन्ही अर्थ पुनः एकत्र आणले, त्यांचा अल्प परिचय वाचकांस करून द्यावा असे आम्ही योजिले आहे. पालगुम्मी साईनाथ हे महाराष्ट्रीय नव्हेत. परंतु आमच्या यवतमाळ जिल्ह्याविषयी त्यांनी जेवढे कसून लिहिले, तेवढे आम्हां जिल्हावासीयांपैकीही थोड्यांनीच लिहिले असेल.

साईनाथ यांचा जन्म १९५७ साली मद्रासेस झाला. भारताचे माजी राष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी हे त्यांचे आजोबा. मद्रासचे लॉयोला कॉलेज व दिल्लीचे जवाहरलाल नेहरू विद्यापीठ येथे शिक्षण घेऊन १९८० साली ते युनायटेड न्यूज ऑफ इंडिया या वृत्तसंस्थेत शिरले, व पुढे मुंबईच्या 'ब्लिट्झ' साप्ताहिकात सुमारे दहा वर्षे उपसंपादक होते. अशा कुळात जन्मलेल्या आणि अशा हुद्द्यावर पोहोचलेल्या मनुष्याने खुर्ची सोडण्याचे कारण नव्हते. १९९३ साली त्यांनी ती सोडली आणि 'टाइम्स ऑफ इंडिया'ची एक शिष्यवृत्ती घेऊन देशातील अतिदरिद्री जिल्ह्यांची वाट धरली. मुलाखतीच्या वेळी, आमच्या वाचकांस असल्या विषयांत गोडी नाही असे म्हटले तर, अशी शंका त्यांच्यापुढे काढण्यात आली. तेव्हा, आपण आपल्या वाचकांस शेवटचे कधी भेटला होता, असा उलट प्रश्न आपण केला, असे ते सांगत आले आहेत.

कलाहंडी, पलामू, सरगुजा, रामनाथपुरम ही नावे आमच्या भूगोलाच्या पुस्तकांत होती. तेथे मनुष्ये कशी जगतात हे मात्र कोठेच नव्हते. साईनाथ यांनी सुमारे एक लक्ष किलोमीटर प्रवास केला, त्यांपैकी पाच हजार पायी. त्यातून १९९६ साली त्यांचे प्रसिद्ध इंग्रजी पुस्तक निघाले. 'दुष्काळ आवडे सर्वांना' या नावाने ते मराठीतही आले. पाऊस न पडणे ही एक गोष्ट आणि दुष्काळाच्या नावे येणाऱ्या पैशाला कोणाकोणाच्या घरी वाट फुटते ही दुसरी. दुसरीचा शोध घेतल्यावाचून पहिलीची बातमी अपुरी, हे त्यांनी गावोगावच्या उदाहरणांनी दाखविले.

२००४ साली ते 'द हिंदू' या दैनिकाचे ग्रामीण विभागाचे संपादक झाले. याच सुमारास विदर्भातील कापूस पिकविणाऱ्या जिल्ह्यांतून शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्या येऊ लागल्या होत्या. आमचे ढाणकी हे उमरखेड तालुक्यातील कापसाचे गाव. त्या वर्षांविषयी येथे कोणास नव्याने सांगावे लागत नाही. २००६ साली मुंबईत वस्त्रप्रावरणांचा एक आठवडाभराचा सोहळा झाला. तेथे सुती वस्त्रे मिरविली जात होती आणि तो सोहळा टिपण्यास ५१२ पत्रकारांस प्रवेशपत्रे दिलेली होती. त्याच वेळी तो कापूस पिकविणाऱ्यांच्या मरणाची हकीगत लिहिण्यास बाहेरून विदर्भात आलेले पत्रकार अवघे सहा होते, ही नोंद साईनाथ यांनीच करून ठेविली आहे.

परंतु त्यांचे खरे कर्तृत्व आमच्या मते आणखी एका गोष्टीत आहे. शोधक पत्रकारिता म्हटली की कोणी चोरून कागद आणतो, वेष पालटून आत शिरतो, असे चित्र मनात उभे राहते. साईनाथ यांनी बहुतेक उघड्यावर पडलेलेच कागद वाचले; मात्र आकड्यांच्या आधी रकान्यांची शीर्षके वाचली. महाराष्ट्र सरकारच्या तक्त्यांत शेतकऱ्यांच्या आत्महत्या 'पात्र' आणि 'अपात्र' अशा दोन भागांत विभागलेल्या असत. पात्र ठरल्यास कुटुंबास एक लक्ष रुपयांचे साहाय्य मिळावयाचे. त्यासाठी जमीन मृताच्या नावे हवी, कर्ज बँकेचे, सोसायटीचे वा परवानाधारक सावकाराचे हवे, आणि ते थकलेले हवे. विनापरवाना सावकाराचे कर्ज कितीही असो, ते हिशेबात नसे.

आमच्या वाचकांपैकी पुष्कळजण एकत्र कुटुंबात नांदत आहेत. त्यांनी क्षणभर आपल्याच घराकडे पाहावे. सातबारा आजोबांच्या किंवा वडिलांच्या नावे असतो. नांगर, बी-बियाणे, बाजार, उधारउसनवार हा सगळा भार थोरला मुलगा वाहतो. तो गेला, तर सरकारी कागदावर शेतकरी गेलाच नाही! तो एका शेतकऱ्याचा मुलगा गेला. स्त्रियांची गोष्ट याहून कठीण. पेरणीपासून वेचणीपर्यंत जिचे हात शेतात, तिचे नाव सातबाऱ्यावर क्वचित असते. तेव्हा तिच्या मरणाची नोंद शेतकऱ्याच्या रकान्यात होण्याचा संभव थोडाच. ही हातचलाखी कोणा एका कारकुनाची नव्हे. ती व्याख्येतच बसलेली आहे, आणि म्हणूनच ती सहसा दिसत नाही. आम्ही अनेक वर्षे मुलांस उदाहरणे घातली. बेरीज अचूक असूनही मांडणी चुकल्यामुळे उत्तर चुकते, हे तेथे पदोपदी अनुभवास येई. साईनाथ यांनी राज्यकर्त्यांची मांडणी तपासली. पुढे २०१४ सालच्या राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालात वर्गवारी बदलली. आदल्या वर्षी ११,७७२ असलेला शेतकऱ्यांचा आकडा एकदम ५,६५० वर आला आणि शेतमजुरांचा ६,७१० हा आकडा निराळा दाखविण्यात आला. तेव्हाही, ही घट शिवारातील नसून रकान्यांतील आहे, हे त्यांनी दाखवून दिले.

आता आमच्या जिल्ह्यातील भांबराजाची गोष्ट. २००८ सालच्या ऑक्टोबरात 'टाइम्स ऑफ इंडिया'त पानभर लेख आला. बीटी कापसामुळे यवतमाळ जिल्ह्यातील भांबराजा व अंतरगाव या गावांचे भाग्य उजळले असून तेथे एकही आत्महत्या झालेली नाही, असा त्याचा आशय होता. या प्रवासाची व्यवस्था बियाणे विकणाऱ्या महिको मोन्सँटो बायोटेक कंपनीने केली होती, अशी बारीक ओळ त्याखाली होती. २०११ सालच्या ऑगस्टात तोच मजकूर, शब्द न् शब्द, त्याच दैनिकात पुनः प्रसिद्ध झाला. या वेळी तो जाहिरात म्हणून होता. मधल्या तीन वर्षांत भांबराजात काय घडले, हे विचारावयास कोणी गेले नव्हते. २०१२ च्या मार्चमध्ये संसदेची कृषिविषयक स्थायी समिती त्या गावी आली, तेव्हा संतप्त गावकऱ्यांनी आपल्या गावी १४ आत्महत्या झाल्याचे सांगितले. त्यांपैकी २००३ ते २००९ मधील नऊंची खातरजमा 'द हिंदू'ने केली. पुष्कळ जमीन पडीक होती आणि शंभरांहून अधिक माणसे गाव सोडून गेली होती. साईनाथ यांनी त्या मे महिन्यात हा लेख लिहिला. त्यात गुप्त असे काहीच नव्हते: एका वर्तमानपत्राचे दोन जुने अंक आणि एक गाव. दोन्ही शेजारी ठेवून पाहण्याचे कष्ट एवढेच काय ते होते.

हे शास्त्र नवे नव्हे. अमेरिकेत इडा टार्बेल या विदुषीने १९०२ पासून 'मॅक्लूर्स' मासिकात स्टँडर्ड ऑइल या बलाढ्य तेलकंपनीचा इतिहास न्यायालयीन साक्षी व दप्तरे चाळूनच लिहिला. १९११ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने त्या कंपनीचे तुकडे करण्याची आज्ञा कायम केली. आणि कागद न पारखल्यास काय होते, हे आमच्याच इतिहासात आहे. कोल्हापूरच्या दिवाणांविरुद्ध 'केसरी' व 'मराठा' यांत जो मजकूर आला, त्यास आधारभूत असलेली पत्रे बनावट निघाली, आणि १८८२ साली टिळक व आगरकर यांस डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. हेतूच्या शुद्धतेविषयी शंका नाही. पण कागद खोटा तो खोटाच.

पैनगंगेपलीकडे आमचा शेजारी नांदेड जिल्हा. तेथील भोकर मतदारसंघातून २००९ साली मुख्यमंत्री अशोक चव्हाण निवडून आले. निवडणुकीच्या दिवसांत त्यांची प्रशंसा करणारा एकच मजकूर परस्परांशी स्पर्धा करणाऱ्या तीन मराठी दैनिकांत जसाच्या तसा आला होता. साईनाथ यांनी तो उघडकीस आणला आणि पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांचा प्रश्न देशभर गाजला. निवडणूक आयोगाने २०१४ साली खर्चाच्या हिशेबावरून चव्हाणांविरुद्ध निर्णय दिला. तो दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच वर्षी रद्द केला, हेही येथे नमूद केले पाहिजे.

२००७ साली साईनाथ यांस मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २००९ साली पद्मभूषण देऊ केले असता त्यांनी ते नाकारले; ज्या सरकारविषयी लिहावयाचे त्याच सरकारकडून पत्रकाराने बहुमान घेऊ नये, असे त्यांचे मत आहे. २०१४ सालच्या डिसेंबरात त्यांनी ग्रामीण भारताच्या जीवनाचे एक संग्रहालयच इंटरनेटवर उघडले. विणकर, मेंढपाळ, ऊसतोड मजूर, जात्यावर ओव्या गाणाऱ्या स्त्रिया यांच्या हकीगती तेथे अनेक भाषांत विनामूल्य वाचावयास मिळतात. त्यांत मराठीही आहे, आणि ती भाषांतरे असूनही बहुधा सरळ वाचवतात. घरातील मुलांस मोबाइल हाती घेऊच नको म्हणण्यापेक्षा हे दाखवावे.

२०२२ साली त्यांचे स्वातंत्र्यसंग्रामातील अप्रसिद्ध सैनिकांवरचे पुस्तक निघाले. त्यात सातारच्या तूफान सेनेचे कॅप्टन भाऊ, म्हणजे रामचंद्र श्रीपती लाड, यांची हकीगत आहे. ७ जून १९४३ रोजी शेणोलीपाशी सरकारी पगाराची गाडी या सेनेने लुटली. त्यावर लूट हा शब्द या वृद्ध सेनानींस मान्य नव्हता. तो पैसा इंग्रजांनी आमच्याकडून नेलेला होता, आम्ही तो परत आणला, असे त्यांचे म्हणणे. कॅप्टन भाऊ पुस्तक निघण्यापूर्वीच, त्याच वर्षी, वारले. परंतु साईनाथ त्यांच्याकडे आधीच जाऊन बसले होते, म्हणून ती हकीगत त्यांच्याच तोंडची आज वाचावयास मिळते.