बदललेली सही

२००४ सालच्या भाद्रपदात, पर्युषण पर्व संपून चार-पाच दिवस झाले असतील, इचलकरंजीच्या शाखेतून मला फोन आला. मी त्या वेळी सांगलीत बँक अधिकारी होतो. एका सूत व्यापाऱ्याच्या डिमांड ड्राफ्टवर माझी सही होती आणि ती नमुना सह्यांच्या पुस्तकातील सहीशी जुळत नव्हती. पलीकडच्या अधिकाऱ्याने संकोचून विचारले, "साहेब, सही आपणच केली आहे ना?" मी होकार दिला. फोन ठेवल्यावर कोऱ्या कागदावर सही करून पाहिली. रेषांना करवतीसारखे दाते आले होते. बावीस वर्षे रोज शेकडो वेळा केलेली सही माझ्याच हातून उतरत नव्हती.

दोष मी उपवासांना दिला. त्या पर्वात दोन उपवास आणि उरलेले दिवस एकाशन केले होते. मंदिरात भेटणारी मंडळी म्हणत होती, "तप चांगले मानवले, अंग कसे हलके झाले!" ऐकायला बरे वाटत होते. वस्तुस्थिती अशी होती की वजन आषाढापासूनच उतरत होते. ७२ किलोंचे ६३ झाले होते आणि पर्वापूर्वी मी पूर्वीच्या दीडपट जेवत होतो. जमेची बाजू वाढत असताना शिल्लक घटते आहे, असे एखाद्या खात्यात दिसले असते तर त्याच दिवशी मी तपासणी लावली असती. स्वतःच्या देहाच्या खात्याकडे मात्र चार महिने पाहिले नाही.

बाकीच्या नोंदीही समोरच होत्या. मार्गशीर्षाच्या थंडीत मी पंखा लावून झोपे आणि पत्नी दोन रजया घेऊन कुरकुरे. रात्री उशीवर डोके टेकले की कानात छातीची धडधड ऐकू येई. दिवसातून तीन-चार वेळा शौचास जावे लागे. मार्केट यार्डातील थोरल्या बंधूंच्या पेढीवर गादीवर बसलो की उठताना हात टेकावे लागत. मांड्यांतले बळच गेले होते. सर्वांत वाईट होता तो स्वभावातील बदल. एका कनिष्ठ लिपिकावर मी लेजर आपटले. घरी ताट सरकवून उठलो. पत्नी एकदाच म्हणाली, "अहो, तुम्ही असे नव्हता." मी ते भांडण समजलो. आज वाटते, त्या साऱ्या काळातले अचूक निदान तेवढे एकच होते.

एका डॉक्टरांनी 'कामाचा ताण' म्हणून झोपेची गोळी दिली. पौषात दादा मला दुसऱ्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. त्यांनी काय केले ते सांगतो, कारण त्यात यंत्र एकही नव्हते. नाडी मोजली : स्वस्थ बसलेला असताना मिनिटाला ११६. दोन्ही हात पुढे पसरायला लावून बोटांवर एक कागद ठेवला. कागद थरथरू लागला. पाण्याचा घोट घ्यायला सांगून गळ्याकडे पाहिले. घोटासरशी गळ्याच्या पुढच्या भागातली गाठ वर-खाली झाली. मग डोळ्यांकडे पाहिले. वरच्या पापण्या किंचित मागे ओढल्या गेल्या होत्या, त्यामुळे मी सतत टक लावून पाहत असल्यासारखा दिसे. "ग्रेव्हजचा विकार असावा," ते म्हणाले, "रक्त सांगेल."

गळ्यातील फुलपाखराच्या आकाराच्या ग्रंथीला मराठीत अवटू ग्रंथी म्हणतात. आपण सारे थायरॉईडच म्हणतो. तिच्यातून पाझरणारे टी-३ आणि टी-४ हे स्राव शरीराच्या भट्टीची आच ठरवतात. किती पाझरावे याचा हुकूम मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूष ग्रंथीकडून येतो. तो हुकूम म्हणजे टीएसएच. मुख्य कार्यालय आणि शाखा असेच हे नाते आहे. शाखेने जास्त वाटप केले की मुख्य कार्यालय हुकूम थांबवते. ग्रेव्हजच्या विकारात शरीराची संरक्षणव्यवस्था चुकून अशी प्रतिपिंडे तयार करते, की ती टीएसएचच्याच जागी जाऊन बसतात आणि ग्रंथीला चालना देत राहतात. म्हणजे बनावट सहीचा हुकूम! मुख्य कार्यालयाने वाटप बंद केलेले, तरी शाखा खोट्या पत्रांवर तिजोरी रिकामी करत सुटलेली. म्हणून अहवालात टीएसएच जवळजवळ शून्य आणि टी-४ चढलेले दिसते. माझे टीएसएच ०.०१ होते, साधारण ०.४ ते ४ हे सामान्य समजतात.

डब्लिनच्या रॉबर्ट ग्रेव्हज यांनी या विकाराचे वर्णन १८३५ मध्ये प्रसिद्ध केले. जर्मनीतील मर्झेबुर्ग गावच्या कार्ल फॉन बासेडो यांनी १८४० मध्ये. खोट्या हुकमाचा सुगावा लागायला मात्र १९५६ साल उजाडले. ग्रंथीला दीर्घकाळ चेतवणारा, पण टीएसएच नसलेला एक पदार्थ रुग्णांच्या रक्तात आहे, हे न्यूझीलंडमधील अ‍ॅडम्स आणि पर्व्हिस यांनी दाखवले. आज ती प्रतिपिंडे रक्तात मोजता येतात आणि मोजून घ्यावीत. कारण ग्रंथीला नुसती सूज येऊन साठलेला स्राव रक्तात सांडला तरी अहवालात हेच आकडे येतात. ती सूज काही आठवड्यांत आपोआप ओसरते आणि तिथे ग्रेव्हजची गोळी निरुपयोगी असते. शंका राहिली तर स्कॅन करतात : ग्रेव्हजमध्ये ग्रंथी किरणोत्सारी द्रव्य अधाशासारखे ओढून घेते, सुजेत जवळपास घेतच नाही.

मला दोन औषधे मिळाली. कार्बिमाझोल नवा स्राव तयार होऊ देत नाही. पण आधी साठलेला संपेपर्यंत काही आठवडे जातात. तोवर धडधड आणि कंप आवरण्यासाठी प्रोप्रॅनोलॉल, दिवसातून तीनदा. आणि इथे मी ती चूक केली, जी आपल्या घरांत बरेच जण करत असावेत. माझा सूर्यास्तानंतर चारही आहारांचा त्याग होता. तिसरी गोळी रात्री नऊची. ती मी घेत नव्हतो, आणि डॉक्टरांना सांगतही नव्हतो. त्यांना आपले नियम समजणार नाहीत, असे मी मनाशी ठरवून टाकले होते. पहाटे छाती धडधडे, डॉक्टर मात्रा वाढवत, आणि वाढलेल्या मात्रेतील तिसरा भाग पुन्हा डबीतच राही. दीड महिन्याने पत्नीने त्यांच्यासमोर डबी ठेवली. ते रागावले नाहीत. म्हणाले, "हे पहिल्या दिवशी सांगितले असते तर दिवसभर पुरणारी एकच गोळी लिहून दिली असती." दुसऱ्या दिवसापासून ती सकाळी घेऊ लागलो. नियमही राहिला, नाडीही उतरली.

उपवासांविषयीही त्यांनी स्पष्ट सांगितले. विकार जोरात असताना देह आधीच स्वतःचे स्नायू जाळत असतो. त्यात दीर्घ उपवासाची भर नको. षोडशकारण भावनांत तपाला 'शक्तितः' हे बंधन जोडलेले आहे, हे आपण पूजेत म्हणतो. ती शक्ती आहे की नाही हे आपणच ठरवायचे, असे मी समजत होतो. त्या वर्षी रक्ताच्या अहवालाने ठरवले.

माघ-फाल्गुनापर्यंत सही पुन्हा जुळू लागली. वजन भरले. टी-४ सामान्य झाले तरी टीएसएच शून्याजवळच अडकले होते, त्याने मी धास्तावलो. पण मुख्य कार्यालयाला जाग यायला महिने लागतात, हे नंतर कळले. हा औषधोपचार सहसा वर्ष ते दीड वर्ष चालतो. मी आठव्या महिन्यात, बरे वाटते म्हणून, कोणाला न विचारता गोळी थांबवली. पूर्ण मुदत पाळूनही सुमारे निम्म्या रुग्णांत विकार परततो. मी तर मुदतही पाळली नव्हती. २००५ च्या दिवाळीत, लक्ष्मीपूजनाच्या रात्री पेढीवरून परतताना जिन्यात खाली बसलो. हृदयाचे ठोके नुसते जलदच नव्हते, त्यांचा ताल पूर्ण विस्कटला होता. यालाच एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. अशा वेळी हृदयात रक्ताची गुठळी होऊन ती मेंदूकडे जाऊ शकते. पाच दिवस रुग्णालयात होतो.

वयस्क मंडळींत हा विकार अनेकदा याच वाटेने समोर येतो. त्यांना कंप नसतो, चिडचिड नसते. नुसते वजन उतरते, मरगळ येते आणि एक दिवस नाडीचा ताल चुकतो. अमेरिकेचे अध्यक्ष थोरले जॉर्ज बुश यांना १९९१ मध्ये धावण्याचा व्यायाम करताना असेच झाले आणि तपासात ग्रेव्हज निघाला. त्यांच्या पत्नी बार्बरा यांना तो आधीच झालेला होता! घरातील आजी-आजोबांच्या नाडीत अनियमितपणा आढळला तर हृदयाच्या तपासण्यांबरोबर टीएसएचही मागावे.

दुसऱ्या खेपेला मी किरणोत्सारी आयोडीन घेतले. या विकारावर त्याचा पहिला वापर बोस्टनमध्ये १९४१ साली झाला. मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरचे काम १९६३ पासून आहे. ग्रंथी आयोडीन ओढून घेते आणि त्याच्या किरणांनी तिच्या पेशी मरतात. ते द्रवरूपात मिळते किंवा कॅप्सूलमध्ये. कॅप्सूलचे आवरण बहुधा जिलेटिनचे, म्हणजे प्राणिज असते. मी विचारले आणि मला द्रव मिळाले, चव पाण्यासारखीच. त्याआधी काही दिवस आयोडीनयुक्त मीठ बंद होते; एरवी स्वयंपाकातले रोजचे मीठ चालते. डोळे आधी तपासून घेतले, कारण डोळ्यांचा विकार बळावलेला असेल तर या उपचाराने तो वाढू शकतो. धूम्रपान करणाऱ्यांत तर अधिकच. घेतल्यावर काही दिवस लहान मुले आणि गर्भवतींपासून दूर राहायचे होते. पुतण्याचे तान्हे बाळ घरात, म्हणून माडीवरच्या खोलीत मुक्काम ठोकला. आई जिन्यातून ताट सरकवत म्हणाली, "आम्ही दर महिन्याला चार दिवस बाजूला बसलो. आता तू बस!"

चौथ्या महिन्यात ग्रंथी जवळपास निकामी झाली. हे अपेक्षितच होते. तेव्हापासून रोज सकाळी उपाशीपोटी लेव्होथायरॉक्सिनची गोळी, चहा अर्ध्या-पाऊण तासाने, कॅल्शियम किंवा लोहाची गोळी चार तासांच्या अंतराने. हे औषध शरीरात सावकाश उतरते. त्याचा अर्धा अंश सुमारे सात दिवस टिकतो. त्यामुळे एखाद्या निर्जल उपवासाला गोळी हुकली तर माझे बिघडत नाही, असे डॉक्टरांनी मला सांगितले आहे. कार्बिमाझोल किंवा हृदयाच्या गोळीला हा न्याय लागू नाही. ज्याने त्याने आपल्या डॉक्टरांना विचारावे.

हा विकार घराण्यातून उतरू शकतो आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत कितीतरी अधिक आढळतो. २०१९ मध्ये दादांच्या धाकट्या मुलीला तो निघाला. केस गळतात म्हणून ती बायोटिनच्या गोळ्या खात होती. त्या गोळ्यांनी थायरॉईडचे आकडे खोटेच वर-खाली दिसू शकतात. म्हणून काही दिवस त्या बंद ठेवून पुन्हा तपासले, तेव्हा निदान पक्के झाले. कार्बिमाझोल सुरू करताना डॉक्टरांनी तिच्याकडून एक गोष्ट पाठ करून घेतली : ताप येऊन घसा दुखला तर गोळी थांबवायची आणि त्याच दिवशी रक्तातील पांढऱ्या पेशी मोजायच्या. क्वचितच, पण हे औषध त्या पेशी धोकादायक रीतीने घटवते. एकदा तसा ताप आला. पेशी ठीक निघाल्या, पण ती थांबली आणि तपासून आली.

२०२१ मध्ये सोलापूरचे स्थळ आले. वहिनींचे म्हणणे, लग्न होईपर्यंत वाच्यता नको आणि गोळ्याही महिनाभर बंद ठेवू, सासरी कोणी पाहायला नको. माझ्या तोंडून पहिल्यांदाच वहिनींशी वरच्या आवाजात बोलणे झाले. आणि या वेळी माझे टी-४ अगदी सामान्य होते. उपचार न घेतलेला हा विकार गरोदरपणात आई आणि बाळ दोघांनाही घातक ठरू शकतो. लपवलेली गोळी म्हणजे चुकवलेली गोळी, हे मी डबी लपवून शिकलो होतो. शेवटी पुतणीच मुलाशी बोलली. आठवडाभर तिकडून निरोप नव्हता. मग मुलाच्या आईचा फोन आला, "अहो, थायरॉईडची गोळी मीसुद्धा बारा वर्षे घेते आहे. साखरपुडा कधी करायचा ते सांगा."

मूल हवे असे ठरताच ती आधी डॉक्टरांकडे गेली. गर्भधारणेच्या सुरुवातीच्या महिन्यांत कार्बिमाझोलऐवजी प्रोपिलथायोयुरॅसिल देतात. ती अदलाबदल वेळेवर झाली. आईची प्रतिपिंडे वारेतून बाळाकडे जाऊ शकतात, म्हणून ती महिन्यांगणिक मोजली, आणि जन्मानंतर बाळाचे रक्तही तपासले. २०२३ च्या वैशाखात सकाळी सातला तिचा फोन आला. "काका, लिहून घ्या," म्हणाली. तिने आधी बाळाचे टी-४ सांगितले, मग टीएसएच, आणि मी दोन्ही आकडे पुन्हा वाचून दाखवल्यावर वजन.