दूधसागरच्या वळणावर

गोव्यातल्या कुळे स्टेशनात कोळशाची मालगाडी उभी असेल तर तिच्या शेपटाकडे बघावं. मागून इंजिनं सावकाश येतात आणि शेवटच्या वाघिणीला टेकतात. (मालाच्या डब्याला रेल्वेतली जुनी माणसं वाघीण म्हणतात, आणि तो शब्द मला फार आवडतो.) टेकताना बसलेला धक्का खडखडत एकेका वाघिणीतून पुढे सरकतो, पार पुढच्या इंजिनापर्यंत. मागून रेटणाऱ्या या इंजिनांना बँकर म्हणतात. पुढची ओढणार आणि मागची ढकलणार, तेव्हा कुठे ब्रागांझा घाट चढून होतो.

कुळ्यापासून कॅसलरॉकपर्यंतचा हा घाट सुमारे २६ किलोमीटरचा. चढ ३७ ला १, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. पायी चालणाऱ्याला हे काहीच नाही. पण गुळगुळीत रुळावर गुळगुळीत चाक असताना या चढावर दर हजार टनांना २७ टनांची ओढ मागे खेचत असते, आणि भरलेली एक वाघीणच नव्वद टनांच्या आसपास भरते. कोळसा येतो जहाजांतून. तो मुरगाव बंदरात उतरतो आणि घाट चढून कर्नाटकात जातो, त्यातला बराचसा तोरणगल्लूच्या पोलाद कारखान्याकडे.

वाट मात्र कोळशासाठी पाडलेली नव्हती. पोर्तुगीजांशी झालेल्या १८७८ च्या करारात इंग्रजांनी गोव्याच्या मिठावर ताबा मिळवला आणि त्याच करारातून ही रेल्वे आली. १८८८ मध्ये रूळ कॅसलरॉकला पोचले. घाटाला नाव मिळालं पोर्तुगालच्या राजघराण्याचं. पुढे १९९० च्या दशकात मीटरगेज जाऊन ब्रॉडगेज आलं. डोंगर तोच राहिला, आणि त्यावर कोसळणारा पाऊसही.

९ ऑगस्ट २०२४ च्या सकाळी साडेनऊच्या सुमाराला सोनावळी आणि दूधसागर या स्टेशनांच्या मध्ये भरलेल्या मालगाडीच्या सतरा वाघिणी घसरल्या. जीवितहानी झाली नाही. पण घाटात रूळ एकच, त्यामुळे वास्कोकडची वाहतूक ठप्प झाली. काही गाड्या रद्द झाल्या, काही मडगाव-कारवारवरून लांबच्या वाटेने वळवल्या.

अशा जागी मदत पोचायची कशी, हे समजून घेण्यासारखं आहे. सोनावळी-दूधसागर पट्ट्यात क्रेन नेता येईल असा रस्ता नाही. एका बाजूला कापलेला कडा, दुसऱ्या बाजूला दरी आणि दाट रान. १४० टनी क्रेन, जॅक, गॅसकटर, नवे स्लीपर, खडी आणि माणसांचं जेवण, सगळं रुळावरूनच आणायचं, आणि तोच रूळ पुढे उखडलेला. म्हणून दोन्ही टोकांकडून काम सुरू होतं. एक वाघीण उचलायची, बाजूला करायची, तिच्या खालचा रूळ दुरुस्त करायचा, क्रेन थोडी पुढे घ्यायची आणि पुढच्या वाघिणीला हात घालायचा. ज्या वाघिणी लवकर निघत नाहीत त्या कडेला लोटून आधी वाट मोकळी करतात. श्रावणातल्या पावसात, चिखल झालेल्या कोळशात उभं राहून हे करावं लागतं.

गाडी रुळावर टिकते ती चाकाच्या आतल्या बाजूच्या कडेमुळे. तिची उंची जेमतेम इंचभर. वळणावर ही कडा बाहेरच्या रुळाला घासत चालते. पुढची इंजिनं जोरात ओढू लागली की वाघिणी वळणाच्या आत खेचल्या जातात, मागून रेटा वाढला की बाहेर दाबल्या जातात. बाजूचा हा दाब वाघिणीच्या वजनाला भारी पडला की कडा रुळावर चढते. रूळ धरून ठेवणारी क्लिप सैल पडलेली असली, खडीखालची माती पावसाने भुसभुशीत झाली असली, माल एका बाजूला कलला असला, तर ती वेळ लवकर येते. घाटात गाडी हाकताना पुढच्या आणि मागच्या इंजिनांचा मेळ म्हणूनच जिवापाड सांभाळावा लागतो.

कधी गाडीचा काहीच दोष नसतो. २२ जुलै २०२१ ला चिपळूण पाण्याखाली गेलं, कोकण रेल्वे थांबली आणि गाड्या मडगाव-लोंढा-मिरज मार्गे वळवल्या. दुसऱ्याच दिवशी मंगळूरहून मुंबईला निघालेली अशीच एक गाडी याच दूधसागर-सोनावळी पट्ट्यात दरडीत सापडली. इंजिन आणि लगतचा डबा घसरला. प्रवासी सुखरूप राहिले. चिपळूणच्या पुरातून वाट चुकवून निघालेली माणसं ती!

इथे दुसरा रूळ टाकायची योजना होती. तिच्याविरोधात नोव्हेंबर २०२० मध्ये चांदरला हजारो गोंयकार रात्रभर रुळांशी ठाण मांडून बसले. ९ मे २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने कॅसलरॉक-कुळे दुपदरीकरणाला मिळालेली वन्यजीव मंडळाची मंजुरी रद्द केली. दुसरा रूळ असता तर मदत लवकर पोचली असती, या म्हणण्यात तथ्य आहे. पण त्यासाठी मोलेच्या अभयारण्यातला हाच डोंगर पुन्हा कापावा लागला असता, आणि कापलेला डोंगर पावसात काय करतो ते २०२१ ने दाखवलंच आहे. घाटावरचं कोळशाचं ओझंच कमी करावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

तोवर घाट माणसांच्या पायांवर चालतो. चावीवाला रोज हातोडा, पाना आणि लाल-हिरवी झेंडी घेऊन आपला टप्पा चालतो, सैल क्लिप दिसली की ठोकून बसवतो. पावसाळ्यात दरडीच्या जागांवर रात्रंदिवस पहारेकरी बसतात. त्यांच्याजवळ बॅटरी असते आणि फटाके. आपल्या दिवाळीतले नव्हेत. रुळाला बांधायच्या चपट्या डब्या, चाकाखाली आल्या की मोठा आवाज करणाऱ्या. दरड पडली की पहारेकऱ्याने येणाऱ्या गाडीच्या दिशेने लाल दिवा दाखवत निघायचं. ६०० मीटरवर एक फटाका लावायचा. मग १२०० मीटरपर्यंत जाऊन दहा-दहा मीटरवर तीन. काळोखात, ओल्या खडीवरून, एका बाजूला दरी ठेवून.