टँकरची नोंद कुठे ठेवायची?

पहाटे ५:४०
सूसमधल्या या सोसायटीत दिवसाची पहिली नोंद बांबूने होते. बारा फुटी बांबू. दर इंचाला करवतीची खूण, दर फुटाला लाल ऑइलपेंटचा पट्टा. सुपरवायझर दादा जमिनीखालच्या टाकीचं लोखंडी झाकण पाइपाच्या तुकड्याने उचकटतात. बांबू तळाला टेकवतात, वर ओढतात आणि ओल कुठवर चढली ते टॉर्चने बघतात. दोन फूट चार इंच.
टाकी वीस बाय अठरा फुटांची आहे. म्हणजे एक फूट पाणी साधारण दहा हजार लिटर, म्हणजेच एक टँकर. हा हिशेब दादांना तोंडपाठ आहे. आकडा ते बॉलपेनाने मनगटावर लिहितात. खिशात डायरी आहे, फोन आहे, पण हात ओले आहेत.
आज रात्री आठला कमिटीची मीटिंग आहे. सोसायटीच्या सगळ्या नोंदी फोनवर घ्यायच्या, तर कोणतं अ‍ॅप घ्यायचं, हे त्यात ठरणार आहे. लिहिणार दादाच. म्हणून आज दिवसभर मी त्यांच्या मागे फिरतो आहे.

६:२०
गेटजवळची केबिन. एक खुर्ची, एक पंखा, चाव्यांचा बोर्ड, भिंतीवर कालनिर्णय. कालनिर्णयाच्या चौकोनांत लिफ्टवाल्यांची सर्व्हिस, जनरेटरचं डिझेल, कचऱ्याच्या गाडीचे पैसे. टेबलावर पाच रजिस्टरं: टँकर, तक्रारी, लिफ्ट, सामान आत-बाहेर, पाहुणे. पेन सुतळीने टेबलाला बांधलेलं.
दादा मनगटावरचा आकडा टँकर रजिस्टरात उतरवतात. तारीख, वेळ, गाडी नंबर, आधीची पातळी, नंतरची पातळी, ड्रायव्हरची सही, वॉचमनची सही. अक्षर सुबक आहे. लिहिण्यात अडचण नाहीच. अडचण शोधण्यात आहे. ‘बी विंगच्या गच्चीवरचा बॉलकॉक शेवटचा कधी बदलला?’ असं सेक्रेटरी मॅडमनी विचारलं की दादा तीन रजिस्टरं मांडीवर घेऊन बसतात. अर्धा तास जातो.
दादा लातूर जिल्ह्यातले, वय बेचाळीस. ड्यूटी बारा तासांची, पगार १९ हजार. ते इथे आले तेव्हा सूसला ग्रामपंचायत होती. २०२१ मध्ये जूनअखेर सूससह २३ गावं पुणे महापालिकेत आली. दादांचं टँकर रजिस्टर त्याच्या आधीपासूनचं आहे.

७:१५
पहिला टँकर. पाषाणकडून खिंड चढून आलेला, दहा हजार लिटरचा. गेटमधून आत यायला त्याला दोनदा मागे-पुढे करावं लागतं.
दादा आधी पंप बंद करतात. पंप चालू राहिला तर वर किती गेलं आणि आत किती आलं, ते कळत नाही. मग बांबू. एक फूट सात इंच. सकाळच्या अंघोळींनी दीड तासात नऊ इंच खाल्ले. ड्रायव्हर चार इंची पाइप जोडतो, व्हॉल्व्ह फिरवतो. पाणी टाकीत कोसळू लागतं. दादा हात पुसतात आणि फोन काढून गाडीच्या नंबरप्लेटचा फोटो घेतात.
हिशेब असा. फ्लॅट ९६, माणसं साडेतीनशेच्या आसपास. शहरात माणशी दिवसाला १३५ लिटर हे सरकारी माप. गुणाकार केला की ४७ हजार लिटरच्या वर जातो. मे महिन्यात बोअर अर्धा तास चालून हवा ओढायला लागते. मग दिवसाला पाच टँकर. एकाचे ११०० रुपये. महिन्याचं बिल दीड लाखावर जातं. ते पास होतं या रजिस्टरावरून.
वीस मिनिटांनी धार बारीक होते. दादा बांबू सोडतात. दोन फूट सहा.
“भाऊ, एक इंच कमी आहे.”
“भरून आणलाय दादा, विहिरीवरनं सरळ इथंच.”
“मग आत राहिलंय. गाडी उतारावर उभी आहे तुमची.”
एक इंच म्हणजे साडेआठशे लिटर. ड्रायव्हर कुरकुरत चढतो, पुढची चाकं फरशीच्या तुकड्यांवर घेतो. पाइपातून पुन्हा धार येते. अर्धा इंच वाढतो. उरलेल्या अर्ध्यावर कोणी वाद घालत नाही. रजिस्टरात ‘११½ इंच’ असं पडतं आणि ड्रायव्हर सही करतो. त्याची पुढची खेप बालेवाडीला आहे.
ही सही मला महत्त्वाची वाटते. महिनाअखेरीला टँकरमालकासमोर हीच ठेवली जाते. त्याच्याच माणसाची सही असल्यावर तो हुज्जत घालत नाही. अ‍ॅप निवडताना ही गोष्ट आधी पाहायला हवी, सुविधांची यादी नंतर.

९:३०
सी विंग, चौथा मजला. स्वयंपाकघरातल्या सिंकखालचा अँगल कॉक गळतोय. दादा पाना, पक्कड आणि टेफ्लॉन टेप घेऊन अर्धे कपाटात शिरतात. कॉक चिरलाय. नवा लागेल. दादा फोटो काढतात आणि सूस रोडवरच्या हार्डवेअरवाल्याला पाठवतात. ‘अर्धा इंची, २ नग ठेव.’ घरातल्या आजी चहा देतात आणि हातावर पन्नास रुपये ठेवतात. दादा आधी नको म्हणतात, मग घेतात.
जिन्यातून उतरताना मी विचारतो, हा फोटो सहा महिन्यांनी सापडेल का? दादा व्हॉट्सअ‍ॅप उघडून दाखवतात. सुप्रभातची फुलं, लग्नपत्रिका, गावाकडच्या कीर्तनाचा व्हिडिओ, मधे मोटारीच्या प्लेटचा फोटो, परत फुलं. महत्त्वाचं ते स्वतःलाच पाठवतात. स्वतःला मेसेज करायची ही सोय व्हॉट्सअ‍ॅपने २०२२ च्या अखेरीस दिली. “डायरीपेक्षा बरं पडतंय,” दादा म्हणतात. “पण मी सुट्टीवर गेलो तर ते माझ्याच फोनात.”

११:००
डी विंगमधला आयटीतला तरुण आज घरूनच काम करतोय. त्याने दोन रात्री खपून नोशन अ‍ॅपवर बोर्ड तयार केलाय. टँकरचं टेबल, तक्रारींचं टेबल, विंगप्रमाणे फिल्टर, महिन्याची बेरीज आपोआप. काम मनापासूनचं आहे. दादा लॅपटॉपकडे वाकून बघतात. बेरीज त्यांना फार आवडते.
“सर, हे पंप रूममध्ये चालंल का?”
तिघं खाली जातो. दुसऱ्या बेसमेंटमध्ये रेंजची एक काडीही नाही. फोनवर पान फिरत राहतं, उघडत नाही. तरुण सांगतो, २०२५ मध्ये नोशनने ऑफलाइनची सोय दिली, पण पान आधी फोनवर उतरवून ठेवावं लागतं. तेही करून पाहतो. चालतं. पण टेबलात नवी ओळ, त्यात सात रकाने, प्रत्येकात बोट टेकवून भरायचं, हे काम दादांचं ग्रीस लागलेलं बोट करत राहतं आणि स्क्रीन दुसरंच काहीतरी उघडते.
मग गुगल कीप. २०१३ पासूनचं अ‍ॅप, फुकट. रंगीत चिठ्ठ्या, खुणेच्या याद्या, फोटो. यात टेबल नाही, बेरीज नाही. पण बेसमेंटमध्ये उघडलं, लिहिलं, वर गेल्यावर आपोआप चढलं. दादा ‘बी विंग बॉलकॉक’ अशी चिठ्ठी करतात, फोटो जोडतात, तारीख टाकतात. पुढच्या वेळी याच चिठ्ठीत खाली लिहायचं. शोधून पाहतात. लगेच सापडते. दादा काही बोलत नाहीत. आणखी दोन चिठ्ठ्या करतात.

१२:४५
जेवण. ज्वारीची भाकरी, ठेचा, कालची शेंगदाण्याची आमटी. फोन चार्जिंगला. ८ हजारांचा, पडद्याला तडा गेलेला. रिचार्ज २९९ चं, २८ दिवसांचं, स्वतःच्या खिशातून.

२:३०
सांडपाण्याचा प्लांट. ब्लोअरचा आवाज असा की शेजारच्याशी ओरडून बोलावं लागतं. मीटरचं रीडिंग घ्यायचं. हातात रबरी मोजे. गुगलचं मराठी बोलून लिहिणं २०१७ मध्ये आलं. दादा एरवी ते सर्रास वापरतात, त्यांचं लातुरी बोलणंही बरंचसं बरोबर उतरतं. इथे मात्र काहीच्या काही शब्द पडतात. मोजे काढतात, मीटरचा फोटो घेतात, मोजे घालतात. फोटोत आकडा स्वच्छ दिसतोय. पुरतं.
बाहेर येऊन सावलीत उभे राहतात आणि फोनला सांगतात, “सॉफ्टनरचं मीठ, पन्नास किलोच्या दोन गोण्या, सोमवारी.” हे नीट उमटतं.

४:१५
तिसरा टँकर. बांबू, पंप, सही. पूर्ण बारा इंच. ड्रायव्हर ओळखीचा आहे.
सेक्रेटरी मॅडम केबिनमध्ये येतात. बँकेतून निवृत्त झालेल्या. त्यांच्या नोंदी अनेक वर्षं एव्हरनोटमध्ये होत्या. २०२३ च्या डिसेंबरात फुकटवाल्यांना ५० नोंदींची मर्यादा आली. नवीन लिहायचं तर पैसे भरा. मॅडमना सगळं बाहेर काढून दुसरीकडे न्यावं लागलं. त्यामुळे त्या दादांना पहिला प्रश्न विचारतात तो असा: “यातून आपलं लिहिलेलं परत काढता येतं ना?” कीपमधलं काढता येतं, गुगल टेकआउटमधून. मॅडम वहीत टिपून घेतात.

५:५०
रात्रीचे वॉचमन काका येतात. साठीचे. सायकल लावतात, डबा खुंटीला, स्वेटर खुर्चीला. दादा त्यांना दिवसाचा पाढा वाचतात: तीन टँकर झाले, दोन रात्री, सी विंगचा कॉक उद्या, दोन नंबरची लिफ्ट आवाज करतेय.
अ‍ॅपचा विषय निघतो. काका खिशातून फोन काढतात. बटणांचा. “हा धा दिवस चालतो चार्जिंगला,” ते म्हणतात. रात्री साडेअकराला आणि पहाटे तीनला टँकर येतात, तेव्हा बांबू काका सोडतात आणि रजिस्टरही तेच लिहितात. सकाळपासून तीन अ‍ॅपं पाहिली, त्यातलं एकही या फोनवर चालणार नाही. काकांचा पगार १४ हजार आहे.

रात्री ८:०५
क्लब हाउस. नऊ माणसं, प्लास्टिकच्या खुर्च्या, बिस्किटं. ड्यूटी सहाला संपली, तरी दादा थांबलेत. त्यांना पहिल्यांदाच बोलायला बोलावलंय. ते उभ्यानेच बोलतात.
“टँकरचं रजिस्टर राहू द्या. सही पाहिजे, आणि काकांकडं साधा फोन आहे. महिन्याला पानांचे फोटो काढून ठेवतो. बाकी दुरुस्त्या, फोटो, मीठ, डिझेल, हे त्या पिवळ्या चिठ्ठ्यांत चालंल. सरांचं टेबल चांगलंय, बेरजेला. ते सरांनी भरावं.”
तरुण हसतो आणि कबूल करतो. महिन्याची बेरीज तो नोशनवर करणार. एक सभासद विचारतात, मग दोन-दोन ठिकाणी कशाला? मॅडम म्हणतात, “तुमच्या घरात कालनिर्णय आहे, बँकेचं पासबुकही आहे ना?” विषय मिटतो.
माझंही मत दादांसारखंच झालंय. बांबू ज्याच्या हातात, त्याने निवडावं. ओल्या हाताने, रेंज नसताना, रात्री तीनला जे लिहिता येईल ते ठेवावं. पंधरा मिनिटांत आणखी दोन गोष्टी ठरतात, आणि कुठल्याही सोसायटीने त्या अ‍ॅप निवडण्याआधीच ठरवाव्यात. खातं सोसायटीच्या नावाचं काढायचं, दादांच्या खासगी खात्यात काही ठेवायचं नाही, म्हणजे उद्या माणूस बदलला तरी नोंदी जागेवर राहतील. आणि फोन दादांचा असला तरी काम सोसायटीचं आहे. इतिवृत्तात मॅडमनी लिहिलं: सुपरवायझरचं २९९ रुपयांचं रिचार्ज १ जूनपासून सोसायटी भरेल.