केकमधल्या लाल रेघा

पांढऱ्या केकचा चौकोनी तुकडा बशीत आडवा पडला आणि मी बघतच राहिले. वर फेटलेल्या क्रीमचा जाड थर, आणि आत वरपासून तळापर्यंत उतरलेल्या लाल रेघा. काही सरळ, काही मध्येच फुगलेल्या, काही अर्ध्यावरच संपलेल्या. इतक्या बारीक रेघा स्पंजमध्ये भरल्या कशा, हे मला कळेना. त्या कुणी भरल्याच नव्हत्या. वरून पाणी ओतलं होतं आणि ते वाटेत थांबलं होतं.

अमेरिकेत ह्याला पोक केक म्हणतात. पोक म्हणजे टोचणं. तिथे पॉटलक असलं, म्हणजे आपल्या डबा पार्टीसारखं प्रत्येक घराने एकेक पदार्थ करून आणायचा असला, की टेबलावर बऱ्याचदा हा केक असतो. 13 बाय 9 इंचांच्या पसरट ट्रेमध्ये साधा पांढरा केक भाजायचा आणि पंधरा-वीस मिनिटं निवू द्यायचा. मग मोठा काटा घेऊन अर्ध्या अर्ध्या इंचावर तळापर्यंत टोचत जायचं. जेलो नावाच्या जेलीच्या पुडीच्या 85 ग्रॅमच्या पाकिटात कपभर उकळतं पाणी घालून एकही दाणा उरणार नाही असं ढवळायचं, वर अर्धा कप थंड पाणी घालायचं आणि ते सगळीकडे फिरवत ओतायचं. झालं. तीन-चार तास फ्रिजमध्ये, मग वर क्रीम.

ओतताना मात्र घाई करू नये, नीट बघावं. लाल पाणी भोकाच्या तोंडाशी क्षणभर डबक्यासारखं उभं राहतं आणि मग एकदम खाली जातं. टिपकागदावर शाई पसरावी तशी भोकाच्या कडेची जाळी लालसर होत जाते. स्पंजची बारीक छिद्रं पाणी आडवं ओढून घेत असतात. नुसतं सरबत ओतलं असतं तर ही ओढ चालूच राहिली असती आणि सकाळपर्यंत सगळा केक गुलाबी, गिजका होऊन बसला असता. गुलाबजाम पाकात असेच आतपर्यंत मुरतात, कारण पाक पातळच राहतो. इथे पाणी निवता निवता दाट होतं आणि जिथे पोचलं असेल तिथेच बसतं. म्हणून ती रेघ म्हणजे प्रवास कुठे थांबला ह्याची खूण.

थांबवतं कोण? ह्या पुडीतलं जिलेटिन. जनावरांच्या कातड्यात, हाडांत आणि सांध्यांत कोलॅजेन नावाचं प्रथिन असतं. तीन धागे एकमेकांभोवती पीळ घालून केलेली ही दोरी. पाण्यात खूप वेळ उकळली की पीळ सुटतो आणि धागे मोकळे होतात, तेच जिलेटिन. पाणी निवलं की ते धागे पुन्हा पीळ घालायला बघतात, पण जुना जोडीदार काही सापडत नाही. मग जो शेजारी हाताशी येईल त्याच्याशी थोडा थोडा पीळ घालतात. होता होता सगळ्या भांड्यात एक जाळं विणलं जातं आणि पाणी त्यात अडकून पडतं. पायाचं सूप रात्री फ्रिजमध्ये ठेवलं की सकाळी थरथरतं, तेही ह्याच जाळ्यामुळे. मला सगळ्यात नवल वाटतं ते ह्या जाळ्याच्या उकलण्याचं. ते 35 अंशांच्या आसपास सुटतं आणि आपलं तोंड असतं 37 अंशांचं. म्हणून घास जिभेवर ठेवला की रेघा पुन्हा पाणी होतात.

ही जेलीची पूड खूप जुनी. पीटर कूपर ह्यांनी 1845 मध्ये जिलेटिनच्या पुडीचं पेटंट घेतलं, पण तिचं मोठं दुकान मांडलं नाही. 1897 मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या लरॉय गावात पर्ल वेट ह्यांनी तिच्यात साखर आणि फळांचे स्वाद घातले. जेलो हे नाव त्यांच्या पत्नी मे ह्यांचं. दोनच वर्षांत वेट ह्यांनी ते 450 डॉलरला विकून टाकलं. पोक केक घरोघर गेला तो विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, जेलोच्याच जाहिरातींतून. तो टिकला, ह्याचं श्रेय मी स्पंजला देईन. नुसती जेली गाडीतून नेताना हिंदकळते, उन्हात पाझरते. केकने तिला आत धरून ठेवलेलं असतं, आणि आदल्या दिवशी करून ठेवला तर तो उलट अधिकच मुरतो.

ताजा अननस, किवी किंवा कच्ची पपई मात्र ह्या जेलीत घालू नये. मटण मऊ व्हावं म्हणून आपण पपईचा कीस लावतो. तिथे प्रथिनं तोडणारं जसं द्रव्य काम करतं तसंच ह्या फळांतलं द्रव्य इथे जाळं तोडतं आणि जेली बसतच नाही. डब्यातला अननस चालतो, कारण तो तापवलेला असल्यामुळे ते द्रव्य निकामी झालेलं असतं.

शाकाहारी पाहुणे असतील तर चायना ग्रास, म्हणजे समुद्री शेवाळातलं अगर. पण त्याचा स्वभाव उलटा. ते 35 ते 40 अंशांनाच बसतं आणि पुन्हा वितळायला 85 अंश लागतात. निवत ठेवलं तर भोकाच्या तोंडाशीच घट्ट होईल, म्हणून ते कडकडीत असतानाच ओतायचं, आणि केकही कोमट असताना. रेघा तशाच सुंदर येतात. फक्त त्या जिभेवर विरघळत नाहीत. दाताखाली हलकेच तुटतात.