जुना लॅपटॉप भंगारात देण्याआधी

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ला नियमित सुरक्षा अपडेट देणं थांबवलं. विंडोज ११ वर जायचं तर टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. ही आठवी पिढी २०१७ साली बाजारात आली. त्याआधीचे बहुतेक लॅपटॉप या अटीतच अडकतात. त्यामुळे मुलगी बीसीएसला किंवा इंजिनिअरिंगला गेली, की घरात पहिला विचार येतो तो नव्या लॅपटॉपचा, तोही अनेकदा हप्त्यावर. माझं म्हणणं असं, की यातल्या पुष्कळ घरांना नव्या लॅपटॉपची गरज नाही. जुन्याची डिस्क आणि त्यावरची प्रणाली बदलली, तर तो आणखी काही वर्षं नेटाने काम करेल.

'लॅपटॉप स्लो झालाय' ही तक्रार खरी असते, पण तिचं खापर प्रोसेसरवर फुटतं. मशीन सुरू झाल्यावर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा. जुन्या हार्ड डिस्कच्या लॅपटॉपवर बरेचदा असं दिसतं, की प्रोसेसर बराचसा मोकळा बसलाय आणि डिस्कचा आकडा मात्र शंभर टक्क्यांना टेकलाय. कारण सोपं आहे. लॅपटॉपच्या हार्ड डिस्कमध्ये साधारणपणे मिनिटाला ५,४०० फेरे घेणारी तबकडी असते आणि तिच्यावरून सरकणारं एक टोक माहिती वाचतं. विंडोज सुरू होताना हजारो लहान लहान फायली लागतात. त्या तबकडीवर विखुरलेल्या असतात आणि प्रत्येक फाइलसाठी त्या टोकाला जागा बदलावी लागते. तिच्या जागी बसवायच्या एसएसडीमध्ये हलणारा भागच नसतो, त्यामुळे हे सगळं वाट पाहणं संपतं. सलग मोठी फाइल वाचतानाही हार्ड डिस्क सेकंदाला शंभरेक एमबी देते, तर साधी साटा एसएसडी पाचशेच्या आसपास जाते. जोडीला रॅम चार जीबीची आठ केली, तर ब्राउझरच्या दहा टॅब उघडल्यावरही मशीन गुदमरत नाही. मात्र काही पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच पक्की बसवलेली असते. ती वाढवता येईल का, हे आधी विचारून घ्यावं.

उरतो प्रश्न प्रणालीचा. लिनक्स मिंट किंवा उबुंटू या लिनक्सवर आधारलेल्या प्रणाली फुकट मिळतात, त्यांना सुरक्षा अपडेट नियमित येतात, आणि पेनड्राइव्हवरून चालवून पाहता येतात. वायफाय, आवाज, कॅमेरा नीट चालतो का हे डिस्कला हात न लावता कळतं. कोडिंग शिकणाऱ्यासाठी तर ही तडजोडसुद्धा नाही. सी, पायथॉन, जावा, मायएसक्यूएल, व्हीएस कोड हे सगळं लिनक्सवर आहे, आणि जगातले बहुसंख्य वेब सर्व्हर लिनक्सवरच चालतात. केरळच्या सरकारी शाळांत मुलं कित्येक वर्षं लिनक्सवरच संगणक शिकत आली आहेत, त्यामुळे ते सामान्यांना झेपणार नाही असं म्हणण्यात अर्थ नाही. युनिकोड मराठीही त्यावर इनस्क्रिप्ट कळफलकाने सहज टाइप होते.

यावर आक्षेप आहेत आणि त्यांतले काही रास्त आहेत. ज्यांचा धंदा टॅलीवर, ऑटोकॅडवर किंवा श्रीलिपीतल्या जुन्या फायलींवर उभा आहे, त्यांनी विंडोज सोडू नये. त्यांच्यासाठी मायक्रोसॉफ्टने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेटची नोंदणी ठेवली. त्या मुदतीत फायलींची आणि सॉफ्टवेअरची नीट व्यवस्था लावता येते. काही ऑनलाइन परीक्षांची सॉफ्टवेअर विंडोजच मागतात. कॉलेजला हे आधी विचारावं. अँड्रॉइड स्टुडिओ, व्हिडिओ एडिटिंग किंवा मशीन लर्निंगचं जड काम जुन्या मशीनकडून होणार नाही. बिजागरी तुटलेली किंवा मदरबोर्ड दुरुस्त केलेला असेल तर त्यावर पैसे घालू नयेत. पण नुसती बॅटरी उतरली असेल, तर ती बदलता येते. आणि काहीही करण्याआधी फोटो, कागदपत्रं, प्रोजेक्ट बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्या. ही पायरी चुकली तर वाचवलेल्या पैशांचं समाधान उरत नाही.

इतकं करूनही नवा घ्यायचाच ठरला, तर स्टिकरवरच्या आय फाइव्ह, आय सेव्हनवर भुलू नका. इंटेलच्या सातव्या पिढीतल्या आय सेव्हन ७५००यू मध्ये दोनच कोअर होते आणि पुढच्याच पिढीतल्या आय फाइव्ह ८२५०यू मध्ये चार. दुकानदाराला प्रोसेसरचं पूर्ण नाव, रॅम किती आणि ती वाढवायला मोकळा स्लॉट आहे का, हे विचारा, आणि उत्तर बिलावर लिहून घ्या.