दिवसाला चार सुपं

आमच्या शेजारच्या काकींनी 2024 च्या गणपतीत येईल त्याला ऐकवलेली तक्रार सुपांची होती. नव्या सुनेचा गौरीपुढचा पहिला ओवसा, त्याला पाच सुपं हवी. रत्नागिरीच्या राम आळीत तीन मिळाली, चौथं आठवडा बाजारात, आणि पाचव्यासाठी मुलाला पालीपर्यंत गाडी पिटाळावी लागली. भाव तर विचारूच नका. "गर्दी बघतात आणि लुटतात मेले!" काकींनी निकाल देऊन टाकला. सणाच्या बाजाराबद्दल आपलं बहुतेकांचं मत असंच असतं. आपण अडलेले आणि समोरचा लुटारू. तो समोरचा त्या गर्दीत दिवसभर नेमकं काय करतो, हे बघायला मी पुढच्या वर्षी खरेदीची पिशवी न घेता बाजारात गेले.

2025 ची चतुर्थी 27 ऑगस्टला, बुधवारी होती. आधीचा रविवार, सोमवार आणि हरतालिकेचा मंगळवार, एवढ्यात रत्नागिरीचा गणपतीचा बाजार उरकतो. जिल्ह्यात दीड लाखाहून जास्त घरगुती गणपती बसतात आणि सगळ्यांना एकाच दिवशी नारळ, कापूर, फुलं नि गूळ लागतो. "जरा लवकर खरेदी करा" असं सांगणं सोपं आहे. पण लवकर यायला लवकर पैसे लागतात आणि लवकर रजाही. सरकारी नोकरांचा ऑगस्टचा पगार त्या वर्षी गणपतीआधी काढायचं ठरलं, तेव्हा कुठे त्यांची यादी बाहेर पडली. मुंबईचा चाकरमानी तर रजा पुरवून पुरवून वापरतो. तो आदल्या दिवशी उतरतो आणि सामान घरात टाकून तसाच बाजारात येतो.

गोखले नाक्याकडून राम आळीत शिरलं की पाय आपले राहत नाहीत, गर्दी नेईल तिकडे जायचं. त्यात पाऊस. छत्री उघडली की एक माणूस दोघांची जागा अडवतो, मिटली की मागच्याच्या चपलांवर पाणी. दोन्ही कडांना गावातून आलेल्या बायका गणपतीवर बांधायच्या मंडपीचं सामान घेऊन बसलेल्या असतात. लालभडक कवंडळं, कांगलं, हरणाची फुलं, शेरवडाची पांढरी पानं, तेरड्याच्या जुड्या, सुपारीची शिपटी, आंब्याचे टाळे. पलीकडे ऋषीच्या भाजीचे वाटे: अळू, माठ, भेंडी, पडवळ, भोपळ्याची फोड, कणसाचे तुकडे, सगळं एकत्र. हा वाटा म्हणजे गर्दीवर काढलेला फार हुशार तोडगा आहे. आठ ठिकाणी थांबण्याऐवजी गिऱ्हाईक एकाच ठिकाणी थांबतं आणि दहा सेकंदांत पुढे सरकतं.

किराणा दुकानदारांचा तोडगा यादीचा. यादी द्यायची, वर फोन नंबर लिहायचा, संध्याकाळी न्यायला यायचं. मी एका दुकानाच्या आतल्या बाजूला उभी राहिले. एक जण यादी मोठ्याने वाचतो, दोघं पुड्या बांधतात, तिसरा पिशवीवर मार्करने आकडा टाकतो. वाचणारा इतका सरावलेला की "वेलदोडा वीस" ऐकल्यावर ग्रॅम की रुपये हे कुणी विचारत नाही. पंचवीस याद्यांमागे एखादी अशी येते की जिच्यात फक्त "पूजेचं सगळं" एवढंच लिहिलेलं असतं. मग हळकुंडं, सुपाऱ्या, जानवी, अष्टगंध, वाती, कापसाची वस्त्रं हे सगळं तो स्वतःच भरतो. "त्यांना काय लागतं ते त्यांच्यापेक्षा आम्हाला माहीत," तो म्हणाला आणि पुढची यादी उघडली.

माझं लक्ष मात्र त्या दुकानाच्या पलीकडच्या बंद शटरकडे जात होतं. तिथे पायरीवर एक बाई सुपं घेऊन बसली होती. वय पन्नाशीचं, लांज्याकडची. बाजारात कापूर, झेंडू आणि भिजलेल्या गोणपाटांचा वास मिसळलेला होता, पण तिच्या जवळ गेलं की एकदम धुराचा वास यायचा, चुलीच्या, लाकडाच्या धुराचा. वास सुपांना होता. समोर पाचच सुपं मांडलेली, बाकीची मागे निळ्या प्लास्टिकखाली. सगळी का मांडत नाही विचारलं, तर म्हणाली, "मांडली की लोक उलटीपालटी करतात, काठ सुटतो. पाच दिसली म्हणजे पुरे."

दिवसाला किती होतात?

"चार. तो काठी फोडतो, पट्ट्या काढतो, मी विणते. दोघांची मिळून चार. पाहुणे आले, कोण आजारी पडलं, तर तीन."

मी तिथेच पायरीच्या कडेला टेकले. दीडशेला एक असा तिचा भाव होता. दिवसाला चार, म्हणजे दोन माणसांचे सहाशे रुपये, आणि त्यातूनच काठीचे पैसे वजा. एसटीत बायकांना 2023 पासून अर्धं तिकीट आहे, पण सुपांचा भारा एसटीत मावत नाही, तो गावातल्या भाजीच्या टेम्पोतून येतो आणि टेम्पोवाला पूर्ण भाडं घेतो. हे सगळं तिने तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. विचारलं तेवढं सांगितलं, आणि मधेच "घ्या वो सुपं, ववशाची सुपं" म्हणून हाक दिली.

एक गृहस्थ आले. सूप हातात घेऊन उजेडात धरलं, मग नाकाशी नेलं.

"जुनं आहे. धुराचा वास येतो."

"जुनं नाय दादा, माळ्यावर ठेवलेलं हाय. धूर नसता तर बुरा आला असता."

"दीडशे? दादरला शंभरला मिळतं."

"मग येताना दादरचंच आणायचं होतंत."

ती हसली, तेही हसले, आणि पाच सुपांमागे शंभर रुपये कमी करून घेऊन गेले. त्यांच्या दुसऱ्या हातात दिव्यांच्या माळांचं खोकं होतं. ज्या दुकानातून ते घेतलं तिथे "एकच भाव" अशी पाटी होती, आणि ती पाटी त्यांनी मुकाट मान्य केलेली असणार. छापील किमतीपुढे आपण सगळेच फार सभ्य असतो. घासाघीस करायला आपल्याला जमिनीवर बसलेलं माणूस लागतं.

धुराची गोष्ट मी तिच्याकडून नीट समजून घेतली, कारण काकींच्या तक्रारीचं अर्धं उत्तर त्यात आहे. गणपतीत सुपांना मागणी आहे हे माहीत असेल तर आधी शेकड्यांनी करून का ठेवत नाहीत? पावसात बांबूला नवे कोंब येतात, तेव्हा बेटात कोयता घालत नाहीत. म्हणजे काठ्या पावसाआधीच तोडायच्या, त्या ओल्या असतानाच फोडायच्या, कारण वाळलेली काठी हवी तशी फुटत नाही. सुपं मे-जूनपर्यंत विणून व्हायला हवीत. मग तीन महिने कोकणातला पाऊस. कोपऱ्यात रचून ठेवली तर काळी पडतात, भुंगा लागतो. म्हणून ती चुलीवरच्या माळ्यावर जातात. माळ्यावर मावतील तेवढीच ठेवता येतात, आणि तोवर पैसे अडकून पडतात. ज्या वासावरून गिऱ्हाईक सूप परत करतं, तो वास म्हणजे तीन महिने राखणीची खूण आहे.

उरलेलं अर्धं उत्तर पंचांगात आहे, आणि तेही तिच्याकडूनच कळलं. आपल्याकडे अनेक घरांत नव्या नवरीचा पहिला ओवसा गौरी पूर्वा नक्षत्रात आल्या तरच होतो. हे सूर्याचं नक्षत्र, शेतकरी पावसासाठी मोजतो तेच. ऑगस्टच्या अगदी अखेरीला लागतं आणि 13 सप्टेंबरच्या आसपास संपतं. त्यात गौरी आल्या की सुपात पानं, फळं, भाज्या, नारळ, दोरा, हळदकुंकू घेऊन सून गौरीला ओवसते आणि मग एकेक सूप सासू नि वडीलधाऱ्या बायकांना देते. कुठे पाच सुपं, कुठे त्याहून जास्त. 2023 मध्ये चतुर्थीच 19 सप्टेंबरला होती, त्यामुळे पूर्वा हुकली. त्या वर्षीच्या सुना थांबल्या. 2024 मध्ये चतुर्थी 7 सप्टेंबरला आली, गौरी पूर्वात आल्या, आणि दोन वर्षांच्या सुना एकदम बाजारात उतरल्या. "मागल्या साली माझी सुपं दुपारी बारालाच संपली," ती म्हणाली. "लोक सांगत होते, आणखी आणा. कुठून आणू? दिवसाला चार."

काकींचं पाचवं सूप पालीत का सापडलं, ते तेव्हा माझ्या लक्षात आलं. लुटारू कुणी नव्हतं. माल संपला होता.

2025 मध्येही गौरी 31 ऑगस्टला, पूर्वा लागल्या लागल्या आल्या, पण सुना एकाच वर्षाच्या होत्या. त्यामुळे मंगळवारी संध्याकाळीही तिच्याकडे सुपं शिल्लक होती. गर्दी कमी झाली नव्हती, उलट वाढली होती, आणि ती गर्दी सांभाळण्याची तिची रीत बघण्यासारखी होती. सुतळीने पाच-पाचचे जुडगे आधीच बांधलेले. कुणी पैसे देऊन "जाताना नेतो" म्हणालं की त्या जुडग्याच्या काठावर कुंकवाचं बोट, आणि ते जुडगं मागे. सुट्ट्या पैशांसाठी पन्नासच्या नोटा पदराच्या गाठीत. मोबाइलवरून पैसे देणाऱ्यांसाठी शेजारच्या फुलवाल्याचा क्यूआर कोड. पैसे त्याच्या खात्यात जातात, रात्री तो हिशोब करून रोख देतो. कुणी दोनदा विचारलं नाही, कुणी लिहून ठेवलं नाही. हा सगळा व्यवहार गर्दीने शिकवलेला आहे आणि तो चोख चालतो.

एकच गोष्ट तिला गर्दीपुढे जमवता येत नव्हती. सकाळपासून तिने पाण्याची बाटली जेमतेम अर्धी केली होती. "प्यायलं की जायला लागतं. इथनं उठले तर सुपं कोण बघणार, आणि जागा कोण सोडील?" बाजारात कडेला बसलेल्या बहुतेक बायकांचं हेच गणित असतं. आपण अर्ध्या तासात गर्दीला कंटाळून घरी जातो. त्या पहाटेपासून रात्रीपर्यंत त्याच गर्दीत, अर्ध्या बाटलीवर बसून असतात.

गर्दीत खरेदी कशी करावी याच्या युक्त्या प्रत्येक घरात असतात. सकाळी नऊच्या आत जावं, गाडी लांब लावावी, दोघांनी जाऊन एकाने सामान धरावं, यादी आदल्या रात्री द्यावी. त्या सगळ्या ठीक आहेत. पण त्या कारखान्यात होणाऱ्या वस्तूंना लागू पडतात, ज्यांचा माल संपला तर रात्रीत दुसरा टेम्पो येतो. सुपाचं तसं नाही.

म्हणून ज्यांच्या घरी पूर्वाचा नेम पाळतात, त्यांना एक विनंती. 2026 ची चतुर्थी 14 सप्टेंबरला आहे. गौरी येतील तेव्हा उत्तरा लागलेलं असेल. म्हणजे त्या वर्षीच्या सुना थांबणार. 2027 ची चतुर्थी 4 सप्टेंबरला आहे आणि गौरी पूर्वात येतील. तेव्हा पुन्हा दोन वर्षांच्या सुना एकदम ओवसायला निघतील आणि सुपं पुन्हा दुपारी बारा वाजता संपतील. सून घरात आली असेल किंवा येणार असेल, तर 2027 च्या शिमग्यानंतर सुपं करणाऱ्याला गाठा, आकडा सांगा, निम्मे पैसे तेव्हाच द्या. पाच सुपं म्हणजे दोन माणसांचा सव्वा दिवस. त्यात शंभर रुपये कमी करायला जागा नाही, आणि धुराचा वास आला तर सूप परत करू नका.